पडद्यावरचा माणूस हजर की गैरहजर?

आजच्या भागात आपण चेन्नईला जाणार आहोत. सभेच्या ठिकाणापासून दूर असलेला माणूस पडद्यावरून सभेत बसला, तर त्याला हजर धरायचं की गैरहजर? करोनात आपण सगळेच पडद्यावर भेटलो, त्यामुळे हा प्रश्न त्या काळातला वाटतो. पण तो त्याहून बराच जुना आहे.

सुरुवात दहाव्या शतकापासून करू. चेन्नईपासून साधारण नव्वद किलोमीटरवर उत्तिरमेरूर नावाचं गाव आहे. तिथल्या मंदिराच्या भिंतींवर चोळ राजा पहिला परांतक याच्या काळातले, इ.स. 919 आणि 921 चे शिलालेख आहेत. गावाचे तीस भाग होते. उमेदवारांची नावं ताडपत्राच्या चिठ्ठ्यांवर लिहून मडक्यात टाकत आणि जमलेल्या सभेसमोर लहान मुलाच्या हातून चिठ्ठी काढत. सारं उघड्यावर! पण चिठ्ठीत नाव यायचं तर जमीन हवी, स्वतःच्या जागेवर घर हवं आणि वेदांचं ज्ञान हवं. म्हणजे जो समोर उभा आहे, त्याचा कारभारात वाटा असेलच असं नाही. पडद्याबद्दल बोलताना हे लक्षात ठेवा.

आता थेट 2004 सालात येऊ. चेन्नईच्या तारामणी भागात एम. एस. स्वामिनाथन संशोधन प्रतिष्ठान आहे. इस्रो आणि या प्रतिष्ठानानं मिळून ग्राम संसाधन केंद्रं उभी केली. पहिल्या तीन केंद्रांचं उद्घाटन 18 ऑक्टोबर 2004 रोजी पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी केलं. त्यातलं एक केंद्र तंजावरजवळच्या तिरुवैयारूला होतं. तंजावर म्हटलं की आपल्याला व्यंकोजीराजे आणि सरफोजीराजे आठवतात, तोच हा कावेरीकाठचा मुलूख. दुसरं होतं दिंडीगल जिल्ह्यातल्या सेंबट्टीला आणि तिसरं रामेश्वरच्या बेटावर, तंगच्चिमडम या मच्छीमारांच्या गावी.

या केंद्रांचं वैशिष्ट्य म्हणजे उपग्रहावरून चित्र आणि आवाज दोन्ही बाजूंनी जात असे. 1975-76 मध्ये इस्रोनं सुमारे 2,400 गावांत उपग्रहावरून दूरचित्रवाणी दाखवली होती. तो प्रयोग मोठाच होता, पण तिथे गावानं फक्त बघायचं होतं. तिरुवैयारूचा शेतकरी मात्र चेन्नईत बसलेल्या तज्ज्ञाला उलटा प्रश्न विचारू शकत होता. शिवाय पडदा गावाच्या केंद्रात होता, एकेकाच्या खिशात नव्हता. एकानं विचारलेलं दहाजण ऐकत. ही काही ग्रामसभा नव्हती, तिथे ठराव होत नव्हते. पण लांबच्या माणसाला सभेत बसवायचं तर काय लागतं, ते इथे दिसलं.

त्याच्या आदल्याच वर्षी, 2003 मध्ये, सर्वोच्च न्यायालयानं मुंबईतल्या एका खटल्यात महत्त्वाचा निकाल दिला होता. अमेरिकेतल्या एका डॉक्टरची साक्ष हवी होती आणि ते भारतात यायला तयार नव्हते. उच्च न्यायालयानं पडद्यावरून साक्ष घ्यायला नकार दिला. महाराष्ट्र शासन अपिलात गेलं. सर्वोच्च न्यायालय म्हणालं, उपस्थिती म्हणजे केवळ देहानं एका खोलीत असणं नव्हे. आरोपीला साक्षीदार दिसतो, ऐकू येतो, उलटतपासणी घेता येते, मग ती उपस्थितीच. हा निकाल साक्षीपुरता होता. पण त्यातली कसोटी मला सार्वजनिक सभेलाही लागू पडणारी वाटते. उलट प्रश्न विचारता येतो का?

मग 2020 आलं. महाराष्ट्रात नगरविकास विभागानं महापालिकांच्या सर्वसाधारण सभा दूरदृश्य प्रणालीनं घ्यायला सांगितलं आणि नगरसेवक घरून सभेत बसले. तमिळनाडूत मात्र 2 ऑक्टोबर 2020 च्या ग्रामसभा करोनाचं कारण देऊन रद्द झाल्या. चेन्नई महापालिकेत तर ऑक्टोबर 2016 पासून 2022 च्या निवडणुकीपर्यंत निवडून आलेली सभाच नव्हती. थोडक्यात, पडदा आधी पोचला तो निवडून आलेल्यांपर्यंत. साध्या रहिवाशासाठी सभाच थांबली.

पुढे 11 ऑक्टोबर 2025 रोजी मुख्यमंत्री एम. के. स्टॅलिन यांनी चेन्नईतून राज्यभरच्या ग्रामसभांशी पडद्यावरून संवाद साधला. हजारो गावं एकाच वेळी जोडली गेली. हे तंत्राचं यश आहेच. पण एका माणसाला हजारो गावं ऐकू शकतात, हजारो गावांना एक माणूस कसा ऐकणार? बहुतेक गावांच्या वाट्याला त्या दिवशी ऐकणंच येणार.

राज्यघटनेनुसार ग्रामसभा म्हणजे गावाच्या मतदारयादीत नाव असलेली सगळी माणसं. सभेच्या मांडवात बसलेली तेवढीच नव्हे. कामासाठी चेन्नईला किंवा पुण्याला गेलेला, अंथरुणाला खिळलेला, वाडीवरून चालत येऊ न शकणारा, हे सगळे तिचे सभासद आहेत. महाराष्ट्रात ग्रामसभेच्या गणपूर्तीला पंधरा टक्के मतदार किंवा शंभर जण, यांत जे कमी ते लागतं. पडद्यावरचा माणूस त्यात मोजणार का? त्याचं म्हणणं इतिवृत्तात लिहिणार का? ठरावाला त्याचा विरोध असेल तर तो नोंदवणार का? या तिन्हींची उत्तरं ‘हो’ असतील तर तो हजर. नसतील तर तो प्रेक्षक आहे, पडदा कितीही मोठा असला तरी.

तुमच्या गावच्या पुढच्या ग्रामसभेत हे तीन प्रश्न जरूर विचारा. ग्रामपंचायत अधिकारी काय म्हणतात ते ऐका आणि त्यांचं उत्तर इतिवृत्तात लिहायला लावा. भेटू पुढच्या भागात.