मूळ आणि मोड

आमच्या अहमदपूरच्या घरात 'मोड' हा शब्द दोन आवाजांत ऐकू यायचा. आजी भिजलेली मटकी ओल्या फडक्यात गच्च बांधून ठेवायची आणि सकाळी गाठ सोडून सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगायची, "छान मोड आलेत गं!" आजोबांविषयी तोच शब्द काढताना मात्र तिचा आवाज घशातच राहायचा. "ह्यांना मोड आलेत." त्या दिवसांत आजोबा एका कुशीवर कलून बसत आणि कारण कुणाला विचारू देत नसत.

आजोबांच्या त्या दुखण्याचं नाव 'मूळव्याध'. शब्द सरळ आहे: मुळाची व्याधी. इथलं मूळ म्हणजे देहाचं बूड, 'मूलाधार' आणि 'मूलबंध' या शब्दांतलं. बिदरकडे गेलात तर कानडीतही 'मूलव्याधि'च ऐकाल. संस्कृत वैद्यकात मात्र नाव 'अर्श', आणि जुन्या वैद्यांनी त्याची फोड 'शत्रूसारखा छळणारा' अशी केली. सुश्रुतानं गुदाच्या तीन वळ्या सांगितल्या: प्रवाहणी, विसर्जनी, संवरणी. तिथं येणाऱ्या गाठींना जुन्या ग्रंथांनी 'मांसांकुर' म्हटलं. अंकुर म्हणजे मोड. आजीच्या तोंडी आलेला शब्द इतका जुना होता.

आमच्याकडे दुसरा शब्द 'बवासीर'. 1948 पर्यंत इथं निजामाचा अंमल आणि उर्दूचा कारभार होता, त्या काळाची ही ओळख. मूळ अरबी 'बासूर', त्याचं अनेकवचन बवासीर. बाराव्या शतकात इजिप्तमध्ये मायमोनिडीस या वैद्यानं या आजारावर अरबीत एक छोटा ग्रंथ लिहिला आणि शस्त्राच्या आधी आहार सांभाळायला सांगितलं. चरकानं तर त्याआधीच ताकाची थोरवी गायली होती. इंग्रजी 'पाइल्स' लॅटिनमधल्या चेंडूवरून आला, 'हेमरॉइड' ग्रीकमधल्या रक्त वाहण्यावरून. कुणाला चेंडू दिसला, कुणाला रक्त, आपल्याला मोड.

पण या उपमेनं एक घोटाळा करून ठेवला. 1975 साली थॉमसन या ब्रिटिश शल्यवैद्यानं दाखवून दिलं, की गुदाच्या आत रक्तवाहिन्या, स्नायू आणि तंतूंच्या मऊ गाद्या प्रत्येकाला जन्मापासूनच असतात. बहुधा तीन असतात आणि गुदद्वार घट्ट मिटायला त्यांची मदत होते. त्यांना धरून ठेवणारे तंतू सैल पडले, की त्या फुगतात आणि खाली सरकतात. म्हणजे मोड उगवत नाहीत. होतं तेच घसरतं.

हा फरक मला फार मोलाचा वाटतो. उगवलं म्हटलं, की माणूस खुडायला धावतो. 'मुळासकट काढून देतो' असं भिंतींवर रंगवणाऱ्यांचा धंदा या एका शब्दावर चालतो. घसरलं असं कळलं, की आधी ढकलतंय कोण ते शोधावं लागतं. ढकलतं ते कुंथणं. बद्धकोष्ठ, कोंड्याविना मैद्याचं खाणं, कमी पाणी, मोबाइल घेऊन संडासात तासभर बसणं, जुना खोकला, गरोदरपण, वाढतं वय. आमच्याकडच्या शेतात आडोसा नसतो, म्हणून बाया दिवसभर पाणी कमी पितात आणि वेग दाबून धरतात. दोष मात्र ठेच्याला दिला जातो. मिरचीनं आग होते हे खरं, पण गाद्या मिरचीनं घसरत नाहीत.

म्हणून उपाय ताटापासून सुरू होतो. ज्वारीची भाकरी, सालीसकट डाळी, पालेभाजी, फळं. दिवसाला 25 ते 30 ग्रॅम तंतू पोटात जावेत. इसबगोल घेतलं तर सोबत भरपूर पाणी हवंच. वेग आला की शौचाला जावं, कुंथू नये, काम झालं की लगेच उठावं. दुखत असेल तर कोमट पाण्याच्या टबात दहा-पंधरा मिनिटं बसावं. पुष्कळांना एवढ्यानं आराम पडतो.

ज्यांना पडत नाही त्यांच्यासाठी दोरा आहे. अकराव्या शतकात चक्रपाणिदत्त या वैद्यानं निवडुंगाचा चीक आणि हळद लावलेल्या सूत्रानं अर्श बांधायला सांगितलं. 1960च्या दशकात बनारस हिंदू विद्यापीठात डॉ. पी. जे. देशपांडे यांनी ते क्षारसूत्र पुन्हा उभं केलं: एका धाग्यावर चीक, आघाड्याचा क्षार आणि हळद यांचे 21 लेप. तिकडे 1963 साली अमेरिकेत बॅरन या शल्यवैद्यानं रबराच्या बारीक कड्यानं आतला मोड आवळायची रीत मांडली. रक्त तुटलं, की तो सुकून गळतो. थेट शस्त्रक्रियेची पाळी येते ती एवढ्यानं भागलं नाही तरच.

शब्दाचा आणखी एक धोका आहे. त्या जागेचं प्रत्येक दुखणं आपण मूळव्याधीतच घालतो. शौचाला बसताना चिरल्यासारखं दुखतं ते बहुधा फिशर, म्हणजे गुदाला पडलेली चीर. आतले मोड तर पुष्कळदा दुखतही नाहीत, नुसतं लालभडक रक्त जातं. पण आतड्याच्या कर्करोगातही रक्त जातं. म्हणून रक्त दिसलं की डॉक्टरांना दाखवावंच. चाळिशी उलटलेली असेल, वजन घटत असेल, शौचाची सवय बदलली असेल तर एक दिवसही थांबू नये.

आजोबांनी वर्षानुवर्षं धोतरावरचा डाग स्वतः धुतला, पण कुणाला काही सांगितलं नाही. देहातली एक गादी जागची सरकली, यात लपवण्यासारखं काय होतं? आजी मटकीचे मोड ज्या आवाजात सांगायची, त्या आवाजात हे दुखणं घरात आणि दवाखान्यात सांगता आलं पाहिजे.