टीव्हीचा गेलेला आवाज

२ ऑक्टोबर १९७२ ला मुंबई दूरदर्शन सुरू झाले आणि १९७३ मध्ये सिंहगडावरच्या मनोऱ्यामुळे पुण्यालाही दिसू लागले. (गड पुन्हा सर झाला, या वेळी घोरपडीऐवजी ॲंटेना.) त्या काळच्या टीव्हीच्या चित्रात मुंग्या असतील, पण आवाज खणखणीत! लाकडी खोक्याला चांगले सावकारी पोट होते आणि स्पीकर बहुधा आपल्याकडे तोंड करून बोलायचा.

पुढे टीव्ही वाळला. आताच्या चपट्या टीव्हीचा इवलासा स्पीकर नव्या कारकुनासारखा खाली बघून पुटपुटतो. म्हणून साउंडबार. म्हणजे खोक्यातून काढून घेतलेला आवाज वेगळे पैसे भरून परत! आमच्या बँकेत याला रिव्हर्स एंट्री म्हणतात.

२००९ साली एचडीएमआयच्या १.४ आवृत्तीत 'एआरसी' आले. टीव्हीकडे चित्र नेणाऱ्या केबलमधूनच आवाज उलटा बारकडे येऊ लागला. दौंडला मेहुण्याने शिरूरहून आणलेला बार मात्र मुका. म्हटलं, "अरे, जंक्शनवर नोकरी करतोस ना? मग गाडी कुठल्या फलाटाला लावायची हे मी सांगू? एआरसी लिहिलेल्या भोकात केबल घाल, सीईसी चालू कर, आवाज बाहेरच्या स्पीकरला दे."

आवाज आला, पण ओठांच्या मागून, पॅसेंजर गाडीसारखा. सेटिंगमध्ये पीसीएम केल्यावर तोही वेळेवर धावू लागला.

सासूबाई म्हणाल्या, "जावईबापू, दोन वर्षं मी नुसती तोंडंच बघत होते हो. म्हटलं, कानच गेले असतील, कशाला कुणाला सांगा."

मेहुणा काही बोलला नाही. रिमोट तेवढा आईच्या हातात दिला.