इंग्रजी उच्चारांची जुनी तक्रार

नव्या पिढीची जीभ सैल झाली आहे, ही तक्रार इंग्लंडांत फार जुनी आहे. इ. स. १७१० मध्यें जोनाथन स्विफ्टनें 'टॅटलर' पत्रांत शब्द तोडून बोलणाऱ्यांवर कोरडे ओढले. 'मोबिले व्हल्गस' या लॅटिन पदाची शेपटी छाटून केलेला 'मॉब' हा शब्द त्यास मुळींच खपत नसे. परंतु बहुसंख्येपुढें आपण हरलों, अशी कबुलीही त्यानें तेथेंच दिली. आज 'मॉब' शिष्टांच्या लेखणींत सुखानें नांदतो.

लंडनचे लोक 'बार्ड' शब्दांतील रकार गिळून जवळजवळ 'बाड' असें म्हणतात, असें जॉन वॉकरनें १७९१ च्या उच्चारकोशांत नमूद केलें. पुढें हाच गिळलेला रकार इंग्लंडांतील प्रमाण उच्चाराचें लक्षण ठरला. 'बाल्कनी' शब्दाच्या पहिल्या अक्षरावरील आघात ऐकून सॅम्युएल रॉजर्स (१७६३–१८५५) या कवीस किळस येई. कारण पूर्वीं तो दुसऱ्या अक्षरावर असे. आज पहिलाच आघात शुद्ध मानतात.

१९२६ मध्यें बी. बी. सी. नें निवेदकांसाठीं उच्चारसमिति नेमली. रॉबर्ट ब्रिजेस तिचे पहिले अध्यक्ष; १९३० पासून बर्नार्ड शॉ. १९३९ मध्यें युद्ध सुरू होतांच तिचें काम थांबलें. भाषा मात्र चालतच राहिली.

ऐकणाऱ्यास शब्द स्पष्ट कळावा, एवढी काळजी बोलणाऱ्यानें अवश्य घ्यावी. परंतु केवळ उच्चारावरून माणसाची योग्यता ठरविणाऱ्यानें हा इतिहास विसरूं नये. कालचा दोष आज नियम होऊन बसतो, आणि हंसणाराच उद्यां जुनाट ठरतो.