करार कोचला, टांगती तलवार खेळाडूला
अमेरिकेतील कॉलेज आइस हॉकीत मिनेसोटा विद्यापीठाने कोच हर्ब ब्रुक्स यांच्या काळात १९७४, १९७६, १९७९ अशी तीन राष्ट्रीय विजेतेपदे जिंकली. १९८० साली सोव्हिएत संघाला हरवणाऱ्या ऑलिम्पिक संघातील वीसपैकी नऊ खेळाडू याच विद्यापीठाचे.

पण खेळाडूंना हमी कसली होती? कोच अनेक वर्षांचा करार करू शके. खेळाडूची शिष्यवृत्ती १९७३ पासून एकेका वर्षाचीच. नूतनीकरण बहुधा कोचच्या शब्दावर. दीर्घ मुदतीची मुभा थेट २०१२ मध्ये मिळाली.

‘विद्यार्थी’ म्हणून गौरवायचे आणि कष्टकरी म्हणून हक्क नाकारायचे, ही चलाखी आपल्या ओळखीची आहे. १९४२ ते १९४६ मजूरमंत्री असताना बाबासाहेबांनी कामगारांचे हक्क मालकाच्या मर्जीतून काढून कायद्यात आणले. मित्रांनो, शिष्यवृत्ती असो वा नोकरी, हमी लेखी मागा. जय भीम!