छायाचित्रण व चलच्चित्रणाच्या सामूहिक परंपरेचा इतिहास : मुंबई, नाशिक, मालेगाव आणि सायखेडा

प्रास्ताविक

निफाड तालुक्यात गोदावरीच्या एका तीरावर सायखेडा आणि समोरच्या तीरावर चांदोरी ही गावे वसली आहेत. ऑगस्ट २०१६ आणि ऑगस्ट २०१९ या दोन्ही वेळी गोदावरीच्या महापुराने या दोन्ही गावांना वेढले. सायखेड्याच्या बाजारपेठेत पाणी शिरले. हे पाणी गावकऱ्यांनी डोळ्यांनी पाहिले, तसेच हातातील मोबाइलनेही टिपले. पूर्वी पुराची खूण भिंतीवर रेघ मारून ठेवीत आणि वडीलधारी माणसे ती नातवंडांना दाखवीत. या दोन पुरांच्या खुणा मात्र असंख्य चित्रांच्या रूपाने असंख्य हातांत विखुरल्या गेल्या. त्यांपैकी किती चित्रे आज सापडतील, आणि सापडली तर ती कोणत्या दिवसाची, कोणत्या वेळेची, कोणत्या गल्लीतील आहेत हे कोण सांगू शकेल, असा प्रश्न इतिहासाच्या अभ्यासकाला पडल्यावाचून राहत नाही.

या प्रश्नाचे उत्तर शोधताना छायाचित्रकारांच्या मंडळांचा इतिहास तपासणे उपयुक्त ठरते. छायाचित्रण ही एकट्याची कला आहे असा सर्वसाधारण समज आहे. महाराष्ट्रातील या कलेचा इतिहास मात्र निराळे चित्र दाखवतो. येथे ती रुजली ती एकत्र येणाऱ्या माणसांमुळे. अशा मंडळांची प्रामुख्याने तीन कार्ये दिसतात : साधनांची व ज्ञानाची वाटणी, एकत्र पाहणे व चिकित्सा करणे, आणि झालेल्या कामाचे जतन करणे. ही तीन कार्ये कालौघात कशी बदलत गेली आणि अंकीय तंत्राच्या आजच्या काळात त्यांपैकी कोणते कार्य उपेक्षित राहिले, याचा विचार प्रस्तुत निबंधात केला आहे.

मुंबईची छायाचित्रण संस्था (१८५४)

१८३९ मध्ये पॅरिस येथे दागेर याच्या शोधाची घोषणा झाली आणि अल्पावधीतच हे तंत्र हिंदुस्थानात पोहोचले. १८५४ मध्ये ‘फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे’ ही संस्था स्थापन झाली. कलकत्ता व मद्रास येथील संस्था त्यानंतर, १८५६ मध्ये निघाल्या. कॅप्टन हॅरी बार हे मुंबईच्या संस्थेचे पहिले अध्यक्ष होते. इंग्रज अधिकाऱ्यांचा भरणा असला तरी डॉ. भाऊ दाजी लाड, त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी आणि हरिश्चंद्र चिंतामण यांच्यासारखे एतद्देशीय सभासदही संस्थेत होते. संस्थेच्या सभांमध्ये सभासद आपली चित्रे मांडीत व रसायनांच्या कृतींवर चर्चा करीत. संस्थेचे स्वतःचे नियतकालिकही होते.

मंडळाची गरज का भासली, हे त्या काळचे तंत्र पाहिले म्हणजे ध्यानात येते. १८५१ मध्ये फ्रेडरिक स्कॉट आर्चर याने ओल्या कलोडियनची पद्धत प्रसिद्ध केली. काचेच्या पट्टीवर द्रव पसरायचा, ती चांदीच्या क्षारात बुडवायची, ओली असतानाच चित्र घ्यायचे आणि ओली असतानाच ते धुवायचे, अशी ही पद्धत होती. मुंबईच्या उष्म्यात हा सारा व्यवहार काही मिनिटांत उरकावा लागे. विलायतेत छापलेली कृती येथे जशीच्या तशी चालत नसे. कोणते प्रमाण येथे चालते, हे ज्याने पट्ट्या वाया घालवल्या त्यालाच ठाऊक असे. एकाची चूक दुसऱ्याच्या उपयोगी पडावी, यासाठी मंडळ आवश्यक होते.

या संस्थेच्या आश्रयाने विल्यम जॉन्सन व विल्यम हेंडरसन यांनी १८५६ ते १८५८ या काळात ‘इंडियन अमॅच्युअर्स फोटोग्राफिक अल्बम’ हे मासिक प्रकाशन चालवले. त्यात मूळ छायाचित्रे चिकटवलेली असत व त्यांच्यासोबत माहितीही दिलेली असे. चित्रासोबत ते कशाचे आहे हे लिहिलेले असल्यामुळेच आज दीड शतकानंतरही अभ्यासक त्या मुंबईकडे पुरावा म्हणून पाहू शकतात. अर्थात या मंडळाच्या मर्यादाही नजरेआड करता येत नाहीत. कॅमेरा बाळगणारे अधिकारी व श्रीमंत नागरिक होते. ज्यांची चित्रे घेतली गेली ते कारागीर, कामकरी व निरनिराळ्या जातींचे लोक होते. ज्याचे चित्र निघाले त्याला ते पाहावयास मिळाले, अशी उदाहरणे विरळाच असणार.

नाशिक : फाळके आणि हरवलेली रिळे

नाशिक जिल्ह्याचा या इतिहासाशी असलेला संबंध सर्वश्रुत आहे. धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वर येथे झाला. मुंबईचे जे. जे. कला विद्यालय आणि बडोद्याचे कलाभवन येथे त्यांचे शिक्षण झाले. पुढे गोध्रा येथे त्यांनी छायाचित्रणाचा व्यवसायही केला. १९१२ मध्ये ते लंडनला गेले. तेथे ‘बायोस्कोप’ साप्ताहिकाच्या संपादकाने त्यांना मार्ग दाखवला आणि सेसिल हेपवर्थ यांच्या निर्मितीगृहात त्यांना चित्रपट तयार होताना पाहता आला. परत आल्यावर कुंडीतील रोपाची वाढ दाखवणारी एक लघुफीत त्यांनी तयार केली आणि ती निकटवर्तीयांना दाखवून भांडवल उभे केले. एकत्र बसून पाहण्याचे महत्त्व येथेही दिसून येते.

‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन चित्रपटगृहात जनतेसाठी प्रदर्शित झाला. त्याच वर्षी फाळके यांनी आपले काम नाशिकला हलवले. त्यांच्या या उद्योगाचे स्वरूप एकत्र कुटुंबाचे होते. त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई मंडळींचा स्वयंपाक सांभाळीतच, शिवाय अंधारात कोऱ्या फितीला छिद्रे पाडणे, फीत धुणे, उन्हात पांढरी चादर धरून प्रकाश परावर्तित करणे ही कामेही करीत. चित्रपटसृष्टीच्या इतिहासात त्यांच्या या श्रमांची दखल फार उशिरा घेतली गेली.

१९१८ मध्ये नाशिकला हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स ही कंपनी स्थापन झाली. मात्र या कंपनीच्या आणि स्वतः फाळके यांच्या चित्रपटांपैकी फारच थोडे शिल्लक उरले. चार रिळांच्या ‘राजा हरिश्चंद्र’चा आज काही भागच उपलब्ध आहे, आणि तो १९१३ च्या मूळ चित्रपटाचा आहे की १९१७ मध्ये फाळके यांनीच पुन्हा केलेल्या चित्रपटाचा, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. फीत हाती आहे, पण तिच्यासोबत नोंद नाही, अशी ही स्थिती आहे. पुण्याचे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ मध्ये स्थापन झाले, म्हणजे फाळके यांच्या निधनानंतर (१६ फेब्रुवारी १९४४) वीस वर्षांनी. तेथील पी. के. नायर यांनी फाळके यांची उरलीसुरली रिळे मिळवली नसती, तर तेवढेही हाती लागले नसते.

मालेगाव : नाव नसलेले मंडळ

स्वातंत्र्योत्तर काळात एकत्र पाहण्याची परंपरा चित्रपट मंडळांनी पुढे नेली. कलकत्त्याची फिल्म सोसायटी १९४७ मध्ये, अशा संस्थांचा महासंघ १९५९ मध्ये आणि मुंबईचे प्रभात चित्र मंडळ १९६८ मध्ये सुरू झाले. या मंडळांनी जाणकार प्रेक्षक घडवला. तथापि तेथे येणारा वर्ग मुख्यतः शहरी व सुशिक्षित होता. चित्र पाहणारा आणि चित्र घेणारा यांच्यातील अंतर खऱ्या अर्थाने मिटले ते नाशिक जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, मालेगावात.

मालेगाव हे यंत्रमागांचे शहर आहे. १८५७ नंतर उत्तर हिंदुस्थानातून आलेल्या विणकरांनी ते वाढवले. यंत्रमागाचा खडखडाट शुक्रवारी थांबतो आणि त्या दिवशी चित्रपट पाहण्याची तेथे रीत आहे. व्हिडिओ गृह चालवणारे शेख नासिर यांना फिती दाखवता दाखवता, दोन व्हिडिओ यंत्रे जोडून त्यांची जुळवाजुळव करता करता संकलनाचे तंत्र उमगले. २००० साली त्यांनी ‘मालेगाव के शोले’ तयार केला. मूळ ‘शोले’मध्ये (१९७५) दरोडेखोर घोड्यांवरून येतात; येथे ते सायकलींवरून आले. अभिनय, लेखन, चित्रण ही सारी कामे गावातील कामगार व दुकानदार यांनी आपापला रोजगार सांभाळून केली. कॅमेरा फिरवण्यासाठी रूळ नव्हते, तेथे सायकल वापरली गेली.

पुढे ‘मालेगाव का सुपरमॅन’ची निर्मिती चालू असताना फैजा अहमद खान यांनी तिचे चित्रण केले आणि ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ (२००८) हा अनुबोधपट साकारला. सुपरमॅनची भूमिका करणारे शफीक शेख यंत्रमाग कामगार होते. उडण्याचे दृश्य साधण्यासाठी हिरव्या कापडाचा पडदा उभारावा लागला; एकदा तर कॅमेराच पाण्यात पडला. एकमेव कॅमेरा भिजला म्हणजे साऱ्या मंडळींचे काम थांबते. ‘सामायिक साधन’ या शब्दांचा अर्थ या प्रसंगातून जितका स्पष्ट होतो तितका व्याख्येतून होणार नाही. शफीक शेख यांचे २०११ मध्ये कर्करोगाने निधन झाले. या मंडळींच्या जीवनावर आधारलेला रीमा कागती दिग्दर्शित ‘सुपरबॉइज ऑफ मालेगाव’ हा चित्रपट २०२५ मध्ये प्रदर्शित झाला.

मालेगावच्या या उपक्रमास घटना नव्हती, सभासद-वर्गणी नव्हती, अध्यक्षही नव्हता. तरीही १८५४ च्या संस्थेची पहिली दोन कार्ये तेथे पूर्णपणे पार पडली. साधने वाटून घेतली गेली, आणि ज्यांचे चित्रण झाले तेच ते पाहावयास पहिल्या रांगेत बसले. मुंबईच्या मंडळाला न जमलेली गोष्ट येथे घडली. उणिवाही होत्या. स्त्री-भूमिकांसाठी बाहेरगावच्या अभिनेत्री आणाव्या लागत. गावातील स्त्रिया कॅमेऱ्यापासून दूरच राहिल्या. जतनाचे तिसरे कार्य तर राहूनच गेले. चुंबकीय फितीला बुरशी लागते, तबकड्या कालांतराने वाचता येईनाशा होतात. या चळवळीची विस्तृत ओळख आज आपल्याला बाहेरच्या दिग्दर्शिकांनी केलेल्या चित्रपटांतून होते, ही बाब विचार करायला लावणारी आहे.

अंकीय काळ आणि सायखेडा

या पार्श्वभूमीवर पुन्हा सायखेड्याकडे वळू. कॅमेरा आता दुर्मीळ राहिलेला नाही. साधनांच्या वाटणीची गरज बव्हंशी संपली, आणि त्यामुळे मंडळाचीही गरज संपली असे वरवर पाहता वाटते. चित्र क्षणार्धात शेकडो जणांपर्यंत पोहोचते. मग मंडळ हवे कशाला, असा आक्षेप घेतला जाऊ शकतो. पोहोचणे आणि एकत्र पाहणे यांत मात्र फरक आहे. एकत्र पाहताना कोणीतरी विचारतो, ‘हा पार कोणाच्या घरासमोरचा?’ आणि दुसरा उत्तर देतो. त्या उत्तरातूनच चित्राचे रूपांतर पुराव्यात होते. मोबाइलवरील संदेशांतून चित्र पुढे पाठवताना बहुधा त्याचा आकार घटतो आणि त्यात अंतर्भूत असलेली तारीख-वेळेची नोंदही गळून पडते. जुन्या पुराचे चित्र नव्या पुराचे म्हणून फिरते, ते यामुळेच.

याचे परिणाम केवळ ऐतिहासिक कुतूहलापुरते मर्यादित नाहीत. नदीकाठच्या गावांसाठी निळी व लाल अशा पूररेषा आखल्या जातात. निळी साधारणतः पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची मानली जाते. घर कोठे बांधता येईल, हे या रेषांवर ठरते. पाणी कोणत्या पायरीपर्यंत, कोणत्या दिवशी, किती वाजता आले याची विश्वसनीय चित्रे गावाकडे असतील, तर रेषेविषयी किंवा पंचनाम्याविषयी वाद उद्भवल्यास गावकऱ्यांच्या बाजूने काही बोलता येईल. नदी आणखीही काही दाखवते. पाणी ओसरले की चांदोरी येथील नदीपात्रातील पुरातन मंदिरे दृष्टीस पडतात. प्रवाहाच्या खालच्या अंगाला, गोदावरी-कादवा संगमावरील नांदूरमधमेश्वर अभयारण्यास जानेवारी २०२० मध्ये महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ म्हणून स्थान मिळाल्याचे जाहीर झाले. तेथे पक्ष्यांची छायाचित्रे घेणाऱ्यांची गर्दी असते. प्रत्येक चित्रासोबत दिनांक व ठिकाण नोंदले गेले, तर कोणता पक्षी कधी आला याची माहिती वर्षानुवर्षे साठत जाईल.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून असे दिसते की, कॅमेरा जसजसा स्वस्त झाला तसतसे मंडळाच्या कार्याचे केंद्र सरकत गेले. १८५४ मध्ये रसायनाची कृती हे मंडळाचे मुख्य धन होते, मालेगावात एकुलता एक कॅमेरा; आज ते स्थान नोंदवहीचे आहे. ग्रामीण भागातील महाविद्यालये व सार्वजनिक वाचनालये यांना हे काम फारशा खर्चाविना हाती घेता येण्यासारखे आहे. महिन्यातून एकदा एकत्र बसून चित्रे व चित्रफिती पाहाव्यात. प्रत्येक चित्राची मूळ प्रत दोन निरनिराळ्या ठिकाणी ठेवावी, आणि नदीकाठच्या गावात त्यांतील एक ठिकाण पुराच्या पाण्यापासून दूर असावे. दिनांक, वेळ, स्थळ, कॅमेऱ्याची दिशा, चित्र घेणाऱ्याचे नाव आणि चित्रात असलेल्यांची संमती यांची नोंद करावी. सरस्वतीबाईंच्या वेळी जे घडले ते टाळण्यासाठी चित्रण, संकलन व जतन यांत हातभार लावणाऱ्या प्रत्येकाचे नाव लिहावे. या कामात विद्यार्थिनींना बरोबरीचे स्थान असावे, हे वेगळे सांगण्याची गरज नाही.

‘राजा हरिश्चंद्र’च्या उरलेल्या फितीचे साल ठरवताना अभ्यासकांची जी अडचण होते, ती तिच्यासोबत एक चिठ्ठी असती तर झाली नसती. सायखेड्याच्या पुराची चित्रे घेणारी माणसे आज गावात आहेत, त्यांची स्मृती ताजी आहे. ती चिठ्ठी लिहून घेण्याची वेळ हीच आहे.