कोलावर

राजूर कॉलरीत कोळशाच्या अन् चुनाभट्टीच्या कामावर तेलुगू, हिंदी, मराठी रोज कानी पडते. कोलामी मात्र दबकत येते. पोडावरची माणसं बाजारात आपसात बोलतात, आपण जवळ गेलो की गप. आपण म्हणतो, कोलाम लाजरा! लाजरा कशाचा? त्याच्या बोलण्याला हसणारे आपणच, त्यात आपल्या वस्तीतलेही आले.

कोलाम हे नाव इतरांच्या तोंडचं. ते स्वतःला कोलावर म्हणतात. सरकारी दप्तरात ते 'आदिम जमात'. गावानं दिलेलं नाव टाकून १९५६ साली आपण आपली ओळख आपण सांगितली. तेव्हा ही गोष्ट आपल्याला तरी कळावी.

कोलामी ही बिघडलेली मराठी नव्हे. पाण्याला ईर, घराला एल्ला. तेलुगूत नीरु, इल्लु. कूळ द्राविडी. कॅनडात जन्मलेला मरी एमेनो नावाचा पंडित १९३५ ते १९३८ भारतात होता. वर्धा जिल्ह्यातल्या कोलामांकडून तो ही भाषा शिकला, आणि १९५५ साली तिच्यावर अख्खा ग्रंथ छापला. इथल्या शाळेत मात्र तीच भाषा बोलणारं पोर 'ढ' ठरतं.

१९५६ मध्ये भाषेवर राज्यं आखली गेली. कोलामीला कोण विचारतो? पैनगंगेच्या अलीकडचं पोर मराठी शाळेत, पलीकडचं आदिलाबादेत तेलुगू शाळेत. माय एकाच भाषेत रागावते, पण मामेभावाचं पत्र वाचता येत नाही. २०११ च्या खानेसुमारीत कोलामी बोलणारे १ लाख २८ हजारांवर भरले. आठव्या अनुसूचीत २२ भाषा, त्यात ही नाही.

एमेनोच्याच कॅनडात, पार पश्चिमेला, नास नदीकाठी निस्गा लोक राहतात. त्यांचीही पोरं निवासी शाळांत नेली, मायबोली बोलली की शिक्षा. फ्रँक कॅल्डर जमिनीसाठी कोर्टात गेला. १९७३ साली दावा तांत्रिक मुद्द्यावर अडला, पण जमिनीवरच्या मूळ हक्काची दखल घेतली गेली अन् सरकारला बोलणीला बसावं लागलं. १९७५ ला निस्गांचा शाळा-जिल्हा झाला, २००० साली करार लागू झाला. भाषा अन् जमीन त्यांनी वेगळी काढली नाही.

आपल्या हातातही कागद आहे. बाबासाहेबांच्या घटनेतलं कलम २९ भाषा जपण्याचा हक्क देतं. १९५६ साली आलेलं ३५०-क प्राथमिक शाळेत मायबोलीची सोय करायला सांगतं. आपल्यातले बरेच मास्तर आहेत, तेच मोजणीला जातात. पुढच्या खेपेला पोडावर गेलात तर मातृभाषा विचारा. न विचारता मराठी लिहून पुढच्या घरी जाऊ नका.