नसलेले शिखर

गेल्या दिवाळीच्या सुटीत माझे चिरंजीव मला म्हणाले, “बाबा, जरा इकडे या, तुम्हाला क्रांतीच्या काळातले पॅरिस दाखवतो.” एम. ए. ला फ्रेंच राज्यक्रांती हा माझा खास अभ्यासाचा विषय होता. पुढे सरकारी नोकरीच्या फायलींखाली ती क्रांती दडपली गेली, ही गोष्ट निराळी. मी चष्मा पुसून त्याच्या संगणकासमोर जाऊन बसलो. युबिसॉफ्ट कंपनीच्या माँट्रियल शाखेने २०१४ साली काढलेला ‘असॅसिन्स क्रीड युनिटी’ नावाचा तो व्हिडिओ गेम होता.

श्रोते हो, मी थक्क झालो हे प्रथम कबूल करतो. फरसबंद रस्त्यांवर पाणी साचलेले, भिंतींचे गिलावे उडालेले आणि चौकाचौकांत माणसांची अशी दाटी, की वाट काढणे कठीण. त्यांतील कोणालाही आपण तिथे आल्याचे सोयरसुतक नव्हते. जो तो आपल्या कामात. नगर खरे वाटते ते इमारतींच्या उंचीमुळे नव्हे, तर आपल्यावाचून त्याचे काही अडत नाही या जाणिवेमुळे. आकाशवाणीवर श्रुतिका बसवणाऱ्यांना हे पूर्वीपासून ठाऊक आहे. दूरवर गिरणीचा भोंगा वाजतो, जिन्यावर कोणाची तरी पावले वाजतात आणि डोळ्यांना काहीही न दिसता ऐकणारा गिरगावात जाऊन पोहोचतो.

इतक्यात नोत्र दामचे भव्य मंदिर समोर आले. कॅरोलिन मियूस या कलावतीने सुमारे दोन वर्षे खपून ते उभे केले, अशी माहिती चिरंजीवांनी पुरवली. माझी दृष्टी मात्र छपराच्या मध्यावरील निमुळत्या शिखरावर खिळली. “हे इथे कसे?” मी विचारले. तेराव्या शतकातले जुने शिखर मोडकळीस आल्यामुळे १७८६ ते १७९२ या वर्षांत उतरवण्यात आले. आज जगाला परिचित असलेले शिखर व्हिओले-ल-द्युक या वास्तुविशारदाचे. ते १८५९ साली पूर्ण झाले. खेळाची कथा घडते ती १७८९ नंतरच्या पाच-सहा वर्षांत. म्हणजे नायक ज्या शिखरावर चढत होता, ते रचणाऱ्याचा जन्मही तेव्हा झालेला नव्हता!

चिरंजीव शांतपणे म्हणाले, “बाबा, ते नसते, तर हे नोत्र दाम आहे असे कोणाला वाटले असते?”

या उत्तराने मी निरुत्तर झालो. खेळाच्या कर्त्यांना इतिहास ठाऊक नव्हता असे म्हणता येत नाही. लोराँ त्युर्को आणि झाँ-क्लेमाँ मार्तँ या इतिहासकारांचा सल्ला त्यांनी घेतला होता. परंतु सत्य आणि विश्वसनीयता या सख्ख्या बहिणी असल्या, तरी त्यांचे नेहमी पटतेच असे नाही. २०११ सालच्या ‘एल. ए. न्वार’ या खेळात हेच आढळते. त्यात १९४७ चे लॉस एंजेलिस आहे. ते उभारताना रॉबर्ट स्पेन्स यांनी विमानातून टिपलेल्या जुन्या छायाचित्रांवरून रस्ते आणि इमारती ताडून घेतल्या गेल्या. आणि त्याच नगरात ग्रिफिथच्या १९१६ सालच्या मूकपटासाठी बांधलेला बाबिलोनचा प्रचंड देखावा उभा आहे, जो १९४७ च्या कितीतरी आधी पाडला गेला होता.

मी प्रशासनातला माणूस; नगर म्हटले की मला प्रथम दिवाबत्ती, पाणी आणि जकात आठवतात. क्रांतीपूर्व पॅरिसमध्ये रस्त्यावरचे तेलाचे कंदील दोरीला टांगून कप्पीने वरखाली करीत. २२ जुलै १७८९ रोजी ग्रेव्ह चौकात फुलाँ या वृद्ध मंत्र्याला जमावाने अशाच दिव्याच्या आधाराला फाशी दिले आणि “कंदिलाकडे चला” ही आरोळी गावभर झाली. नदीचे पाणी घरोघर खांद्यावरून वाहणारे हजारो पाणके होते. शहराभोवती १७८४ पासून एक नवी भिंत उठत होती. ती शत्रूला रोखण्यासाठी नव्हती, तर आत येणाऱ्या दारूवर आणि मालावर जकात बसवण्यासाठी होती. बॅस्टिल पडण्याच्या दोन दिवस आधी, १२ जुलैपासून, लोकांनी पेटवले ते हे जकात नाके. आपल्याकडे मुंबईतील जकात २०१७ साली गेली, तीही कोणी नाके न पेटवता. पण नाक्यावर ताटकळलेल्या गाडीवानाचा संताप कसा असतो, हे आमच्या पिढीतील अधिकाऱ्यांना निराळे सांगायला नको. कंदील आणि नाका ही तिथे निव्वळ सजावट नव्हती.

त्या शिखराची कथा मात्र एवढ्यावर संपली नाही. १५ एप्रिल २०१९ च्या संध्याकाळी नोत्र दामला आग लागली आणि व्हिओले-ल-द्युकचे शिखर ज्वाळांत कोसळले. कंपनीने पाच लाख युरोंची देणगी दिली आणि आठवडाभर तो खेळ सर्वांना विनामूल्य खुला केला. या खेळातील प्रतिकृतीवरूनच मंदिर पुन्हा बांधता येईल, अशी हूल जगभर उठली. वास्तविक त्या कामाला उपयोगी पडणारी नोंद निराळीच होती. अँड्र्यू टॅलन या कलेतिहासकाराने आगीच्या काही वर्षे आधी लेसर किरणांनी मंदिराचे मापन करून एक अब्जाहून अधिक बिंदू टिपून ठेवले होते. आतले खांब नेमक्या ओळीत नाहीत, हेही त्या मापनात उतरले होते. डोळ्यांना पटेल असे चित्र काढणारा असे खांब बहुधा नकळत सरळ करून टाकतो. ७ डिसेंबर २०२४ रोजी मंदिर पुन्हा उघडले, ते १८५९ च्या शिखरासह.

“मग १७८९ चे पॅरिस पाहायचे तरी कुठे?” चिरंजीवांनी विचारले. मी त्याला व्हेर्निके या वास्तुविशारदाचा नकाशा दाखवला. १७९१ च्या सुमारास पुऱ्या झालेल्या या मापनाचे बहात्तर कागद आता घरबसल्या पाहता येतात. दिवसा रहदारीमुळे साखळी धरता येत नसे, म्हणून त्याची माणसे रात्री मशाली लावून रस्ते मोजीत. चिरंजीवांनी नोत्र दामचा तुकडा शोधून मोठा केला. कागदावर मंदिराचा नुसता तळ होता.

“उंचीचे यात काहीच कळत नाही,” तो म्हणाला.

“नाही,” मी म्हटले, “पण दारापुढचा रस्ता किती रुंद होता ते कळते.” मग बराच वेळ आम्ही दोघे गल्ल्या मोजीत बसलो.